गोजाबाईचा बिनदुधाचा कोको

आकुर्डीच्या गोजाबाईला राग लवकर यायचा नाही. पण आला की पाहुण्यासारखा चार दिवसांनी उठून जायचा नाही, घरजावयासारखा मुक्काम ठोकायचा. नवरा गेला तेव्हा भैरू अंगावर पीत होता. भाऊबंदांनी तिच्या बांधावरून नांगर फिरवला, तर ही बाई औतापुढं आडवी झोपली आणि बांध जागेवर आल्याशिवाय उठली नाही. तेव्हापासून गावातली माणसं आधी तिच्या तोंडाकडं बघायची आणि मग बोलायची.

तिनं लेक कुंदा चाकणला दिली, भैरूला सातवीपर्यंत शिकवलं. पुढं पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहिला आणि भैरू तिथं चिकटला. देहूकडची इंद्रायणी सून होऊन आली. मागची एक खोली कोकणातल्या कुसुमताईला भाड्यानं दिलेली, तिचा नवराही भैरूच्याच कारखान्यात. घर असं भरलेलं होतं. पण हे माझं, असं गोजाबाई ज्याला म्हणायची ते एकच होतं. चांदी नावाची पांढरी गाय. तिला गोजाबाईनं वासरू असल्यापासून वाढवलेलं. चांदीच्या अंगावर दुसऱ्या कुणी हात फिरवला तरी गोजाबाई म्हणायची, "हात धुतलास का आधी?"

छप्पन-सत्तावन सालातली ही गोष्ट. लेकीच्या बाळंतपणासाठी गोजाबाई चाकणला जाऊन राहिली. घरी सून पोटुशी, गोठ्यात चांदी गाभण. निघताना तिनं दोघींच्याही तोंडावरून हात फिरवला होता.

परत आली ती पिशवी खांद्यावर तशीच ठेवून गोठ्यात गेली. दावणीला सायकल टेकवलेली होती. काळी, नवी कोरी, हँडलला झेंडूची माळ.

"चांदी कुठाय?"

"आये, बस आधी. पाणी पी," भैरू म्हणाला.

"चांदी कुठाय?"

"विकली. चाकणच्या बाजारात. मोशीच्या दौलतरावांनी घेतली. चांगलं घर हाय."

गोजाबाईनं पिशवी खाली ठेवली. "चाकणला तर मीच व्हते की रे. आपल्या कुंदाच्या दारावरूनच बाजाराची वाट जाती."

भैरूनं मान खाली घातली. "आमी वरच्या वाटंनं गेलो."

गाय विकल्याचं दुःख एकीकडं, पण ही वरची वाट गोजाबाईच्या डोक्यात गेली ती गेलीच. म्हणजे ह्याला ठाऊक होतं. आई दारात बसली असेल, गाय दिसली तर उठून दावं धरेल, हे ठाऊक होतं म्हणून जनावर लांबच्या वाटेनं नेलं.

भैरूजवळ कारणं पुष्कळ होती. शिफ्ट असते, चालत जाऊन पाय मोडतात. गायरान निम्मं कारखान्यांच्या कुंपणात गेलं, चारायचं कुठं. आणि इंद्रायणीला ह्या दिवसांत शेणघाण झेपत नाही.

"गाभण गाय आन् पोटुशी सून," गोजाबाई म्हणाली. "एक ठेवलीस, एक विकलीस. उपकार झाले, उलटं न्हाई केलंस."

तशीच ती खंडोबाच्या माळावर गेली. आमच्याकडं भंडारा उचलला की शब्द दगडावर कोरल्यासारखा असतो, माघार नाही. गोजाबाईनं देवाच्या पायावरचा भंडारा कपाळाला लावला आणि गुरवाच्या देखत म्हणाली, "चांदी दावणीला येईपर्यंत दूध, दही, ताक, तूप, काही तोंडात घालणार न्हाई. आन् ह्या पोराशी बोलणार न्हाई."

गुरव म्हणाला, "गोजाबाई, ताक तरी ठेवा. उन्हाळा तोंडावर आलाय."

"उन्हाळा भैरूच्या मालकीचा न्हाई. सोसंल मला."

त्या दिवसापासून घरात दोन घरं झाली. गोजाबाई कोरा चहा प्यायची, भाकरी चटणीशी खायची. भैरूला सांगायचं ते सुनेमार्फत. तो समोर जेवत असला तरी म्हणायची, "इंद्रायणी, तुझ्या नवऱ्याला सांग, चटणी त्याच्या मांडीपाशी हाय." इंद्रायणी बिचारी तोंड फिरवून सांगायची, "चटणी मांडीपाशी हाय म्हणं." भैरू म्हणायचा, "ऐकलं मी." गोजाबाई म्हणायची, "त्याला म्हणावं, ऐकू येतं ते बरंय."

दुधातुपाशिवाय तिचे गाल बसले. पाणवठ्यावर बायका विचारायच्या, "काय गं गोजा, लेक खायाला घालतो का न्हाई?"

"घालतो की. सायकलीची हवा."

हे गावभर व्हायचं आणि संध्याकाळी भैरूच्या कानावर यायचं. आईचे बसलेले गाल आणि गावाचं तोंड, दोन्ही सोसवेना. एक दिवस तो इंद्रायणीला म्हणालाच, "येत्या सुट्टीला मोशीला जातो. दौलतरावांच्या पाया पडतो. बघू, देतात का गाय." चुलीपाशी बसलेल्या गोजाबाईनं ऐकलं. त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

आणि नेमका त्याच आठवड्यात घरात कोको आला.

पिंपरी कॅम्पातल्या एका सिंधी दुकानदारानं भैरूला पत्र्याचा डबा दाखवला. म्हणाला, ही एका झाडाच्या बियांची भुकटी आहे, यात दुधाचा थेंब नाही, साहेबलोक थंडीत पितात, ताकद येते. भैरूनं डबा आणून इंद्रायणीच्या हातात दिला. "आयेला करून दे. नवस मोडत न्हाई."

इंद्रायणीनं पहिल्या दिवशी उकळत्या पाण्यात भुकटी ओतली. भुकटी पाण्यात मिसळेना, वर गोळे तरंगायला लागले. गोजाबाईनं पेल्यात डोकावून पाहिलं.

"काय गं हे? अंगण सारवायचं राहिलंय का?"

मागच्या खोलीतून कुसुमताई हसत आली. "गोजाकाकी, ओतू नका गो ते. थांबा. आमच्याकडं नारळाचा रस काढतो, त्यात करू. खोबरं आहे का?"

खोबरं होतंच. खंडोबाला रविवारी नारळ फुटायचे आणि गुरवाच्या घरी न खपलेल्या वाट्या गोजाबाईच्या घरी यायच्या. कुसुमताईनं ओलं खोबरं खवून पाट्यावर बारीक वाटलं, पातळ फडक्यात घालून पिळलं. पहिला रस दाट, पांढरा, तो बाजूला ठेवला. चोथ्यात कोमट पाणी घालून पुन्हा पिळलं, तो पातळ रस पातेल्यात घेतला. वाटीत दोन चमचे कोको, त्यावर थोडंसं गरम पाणी, आणि चमच्यानं खूप घोटलं. गुठळी राहिली नाही. मग ते पातळ रसात सोडलं, गूळ घातला, वेलदोडा आणि सुंठ कुटून घातली, उकळी आणली. पातेलं चुलीवरून उतरवलं आणि मगच दाट रस ओतला.

"चुलीवर ओतला तर फाटतो," ती म्हणाली. "आणि चिमूटभर मीठ. का ते विचारू नका, माझी आई घालायची."

"तुझी आई कोको करायची?"

"नाही गो. पण ती सगळ्यातच घालायची."

गोजाबाईनं घोट घेतला. दुसरा घेतला. तोंड वाकडं करून म्हणाली, "औषध म्हणून ठीक हाय." पेला मात्र तळापर्यंत रिकामा झाला.

खरं सांगायचं तर तिला तो इतका आवडला की तिचा तिलाच राग आला. इतक्या दिवसांच्या कोऱ्या चहानंतर घशाखाली काहीतरी जाड, ऊन, गोड उतरलं होतं आणि ते त्या पोरानं आणलेलं होतं. तरी सकाळी उठून तिनं स्वतःच नारळ खवायला घेतला. चार दिवसांत कुसुमताईचा कोको मागं पडला. गोजाबाई भाजलेली खसखस वाटून घालायची, त्यानं दाटपणा यायचा. पावसाळी दिवशी दोन मिरी, सर्दी असली तर लवंग, सणाला जायफळ. बायका मुद्दाम पेला घेऊन यायच्या. ती द्यायची आणि वर म्हणायची, "हे मी हौसेनं करत न्हाई बरं का."

गालावर पुन्हा मांस धरलं. पाणवठ्यावर कुणी काही विचारीना. सुट्टी आली, गेली. भैरू मोशीला गेला नाही. पुढच्या सुट्टीला त्याला सायकलीचं चाक सरळ करायचं होतं. त्याच्या पुढच्या सुट्टीला झोप काढायची होती.

गोजाबाई वाट बघत होती. सांगायचं तर सुनेमार्फत सांगावं लागलं असतं आणि गायीसाठी विनवण्या सुनेमार्फत करायला तिला लाज वाटायची.

एका दुपारी ती आत पाट्यावर खोबरं वाटत होती. बाहेर ओट्यावर भैरू आणि त्याचा दोस्त बबनराव.

"काय राव, आई बोलती का अजून?" बबनराव विचारत होता.

"न्हाई. पण राग गेला. कोको पिऊन मजेत हाय."

"आन् गाय? आणणार व्हतास ना?"

"आता कशाला? दुधाबिगर तिचं काही अडत न्हाई. तो डबा आणला ते बेस झालं बघ. सगळं गप झालं."

वरवंटा थांबला. मग पुन्हा चालू झाला, आधीपेक्षा जोरात. खोबऱ्याचं पीठ झालं, पिठाचं पाणी झालं, तरी वरवंटा चाललाच होता. शेवटी इंद्रायणीनं येऊन हात धरला.

देवापुढं उपास धरायचा तो घरच्यांच्या डोळ्यांत सलावा म्हणून. आणि हिनं स्वतःच्या हातानं त्यात गूळ घातला, वेलदोडा घातला, वर खसखस. भंडारा उचलून घेतलेला राग, आणि पोरानं तो पत्र्याच्या डब्यात घालून झाकण लावलं. तिला भैरूचा राग आला, दुकानदाराचा आला, कुसुमताईचा आला. सगळ्यात जास्त आपल्या जिभेचा आला.

"आत्याबाई, उद्यापासून कोको करायचा न्हाई का?" इंद्रायणी हळूच म्हणाली.

गोजाबाईनं कपाळावरचा घाम पदरानं पुसला. "का न करू? उलट करणार हाय. सगळ्या गावाला पाजणार हाय."

सातव्या महिन्यात इंद्रायणीचं डोहाळजेवण ठरलं. देहूहून तिची आई अंबुबाई आली, भाऊ-भावजया आल्या, गल्लीतल्या बायका आल्या. ओट्यावर पुरुषमंडळी, त्यात बबनराव आणि कारखान्यातले आणखी दोघं-तिघं. भैरूनं गोड म्हणून बासुंदी करायला सांगितली होती, बायकोमार्फत. गोजाबाईनं मान हलवली होती, म्हणून तो निश्चिंत होता.

पानं वाढली. पुरणपोळी होती, वर तूप नव्हतं. भात होता, दही नव्हतं. बासुंदीच्या जागी प्रत्येकाला पेला भरून कोको. अंबुबाईनं पेल्यात बोट बुडवून पाहिलं, इकडं तिकडं पाहिलं, पण विहिणीच्या घरी विचारायचं कसं म्हणून पेला तोंडाला लावला.

मग बायकांनी इंद्रायणीला पाटावर बसवलं आणि दोन वाट्या झाकून आणल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी ठेवायची, पोटुशीनं एक उघडायची, पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी, अशी ती गंमत. इंद्रायणीनं डावी वाटी उघडली. गुळाचा खडा. एक थट्टेखोर भावजय पुढं झाली आणि तिनं उजवी उघडली. तीतही गुळाचा खडा.

"अहो मावशी, पेढा कुठाय?"

"पेढा दुधाचा असतो," गोजाबाई म्हणाली. "दूध गाईचं असतं. आमची गाय सायकल झाली."

कुणीतरी हसलं आणि मधेच थांबलं. अंबुबाईनं पेला खाली ठेवला. "इहीणबाई, म्हणजे काय?"

गोजाबाईनं सांगितलं. आवाज चढवला नाही. गाभण चांदी, चाकणचा बाजार, वरची वाट, भंडारा. आणि हा बिनदुधाचा कोको, जो पिऊन म्हातारी मजेत आहे असं तिच्या लेकाचं म्हणणं आहे. "तर म्हटलं, एवढी मजा हाय तर पाव्हण्यांनाही मिळू दे."

अंबुबाई दारापर्यंत गेली. जावयाला अहोजाहो करायची रीत तिनं सोडली नाही. "जावईबापू, आमच्या लेकीला चारदोन महिन्यांनी दूध लागंल. मग तुम्ही सायकल पिळणार व्हय?"

ओट्यावर बबनरावानं खाकरून तोंड फिरवलं.

भैरू उठून उंबऱ्याशी आला. कान लाल झालेले. "मामी, तुमच्या लेकीसाठीच विकली. शेणघाण तिला झेपत न्हवती. ती दमायची."

"मी म्हणले न्हवते," इंद्रायणी म्हणाली.

पाटावर बसलेली, हिरवी साडी, फुलांची वाडी भरलेली. नवऱ्याच्या पुढं तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं. "मला कुणी विचारलं न्हाई. आत्याबाई चाकणला, तुमी गाय सोडली तेव्हा मी दळत व्हते. मी विचारलं, तर म्हणालात, डॉक्टरकडं नेतोय. आन् आता माझं नाव पुढं करता."

हे मात्र गोजाबाईलाही नवं होतं. सून आपल्यासारखीच फसली होती आणि इतके दिवस आपण तिच्याकरवी चटण्या सांगत बसलो. तिनं वळून, कितीतरी दिवसांनी पहिल्यांदाच, सरळ भैरूकडं पाहिलं.

"पायात चप्पल घाल," ती म्हणाली.

"आये, पाव्हणे—"

"पाव्हणे जेवतील. चप्पल घाल. मोशीला जायचंय."

"सायकलीवर बस तरी. लांब हाय."

"बसंन, मेल्यावर."

ती पुढं चालली आणि भैरू मागं. भर दुपार, वाट उघडी. अबोल्याचा शब्द मोडला त्याची खंडोबाकडं माफी मागू, दुधाचा मोडणार नाही, असं ठरवून तिला बोलायचं होतं ते तिनं सगळ्या वाटेवर बोलून घेतलं. "मी न्हाई म्हणले असते असं तुला वाटलं ना? म्हणलेच असते. चार दिवस भांडले असते. मग कदाचित मीच दावं सोडून दिलं असतं. शिफ्ट मला कळती, कुंपणं मला दिसत्यात. पण तू विचारलंच न्हाईस. जनावर माझं आन् वाट बदलून नेलंस, चोरासारखं. मी काय घरात खांब हाय का, वळसा घालून जायाला?"

भैरू खाली बघत मागनं चालत राहिला. हे त्यानं शहाणपण केलं.

दौलतराव मोशीचा जुना शेतकरी. नदीकडंला मळा, गोठा स्वच्छ. गोजाबाई भांडायच्या तयारीनं गेली होती. चांदीच्या बरगड्या दिसत असतील, गोमाशा असतील, मग काय काय बोलायचं ते तिनं वाटेत जुळवलं होतं. चांदी सावलीत उभी होती. अंग पुसलेलं, पुढ्यात ओला चारा, पोट टच्च. गोजाबाईला पाहून तिनं कान हलवले, हात चाटला आणि पुन्हा चाऱ्यात तोंड घातलं.

गोजाबाईला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

"अक्का, गाय देणार न्हाई मी," दौलतराव शांतपणे म्हणाला. "चार माणसांत घेतलीय. आन् खरं सांगू? तुमच्याकडं आता चारा हाय का?"

गोजाबाईनं दौलतरावात खोट शोधली, सापडली नाही. दौलतरावाची बायको रुक्मिणीबाई चहा घेऊन आली. गोजाबाईचा नवस कळल्यावर ती तसाच परत घेऊन गेली आणि कोरा करून आणला. मग नवऱ्याला म्हणाली, "अहो, ही बाई उन्हातनं चालत आलीय. काहीतरी द्या की."

दौलतरावानं पागोटं काढून डोकं खाजवलं. "बरं. कालवड झाली तर ती तुमची. आईचं दूध तुटलं की घेऊन जा. गोऱ्हा झाला तर मात्र माझा, मला औताला पाहिजे."

"आन् तवर?"

"तवर येऊन बघत जा. गाय काय पळून जाती का?"

इंद्रायणीला मुलगा झाला आणि काही दिवसांनी मोशीला चांदीला कालवड झाली. बाळासाठी दूध रतिबाचं लावलं, त्याला पाण्याचा वास यायचा आणि गोजाबाई रोज सकाळी गवळ्याचा उद्धार करायची. दर पंधरा दिवसांनी ती चालत मोशीला जायची. भैरूला सुट्टी असली तर त्यालाही नेलं जायचं, चालत.

कालवड घरी यायची वेळ झाली तेव्हा गुरव हसत हसत सांगायला आला. "गोजाबाई, चांदीचंच रक्त हाय. देवानं मान्य केलं समजा. आता दूध घ्या."

"देव करंल मान्य," गोजाबाई म्हणाली. "मी न्हाई केलं. भंडारा उचलला तो चांदीसाठी. ही मोठी व्हईल, विईल, तिचं दूध ह्या दावणीवर निघंल, तेव्हा बघू."

"त्याला वर्सं लागतील."

"लागू देत. मला कुठं घाई हाय? ज्याला घाई व्हती त्यानं चारा कापावा."

कालवड आली तसा भैरू चारा कापू लागला. पहिल्या शिफ्टच्या आधी नदीकाठी जायचा आणि विळा घेऊन गवत आणायचा. त्यात घाणेरी नसली तर धोतरा निघायचा, धोतरा नसला तर माती. गोजाबाई भारा सोडून एकेक काडी बाजूला काढायची.

आणि भैरू विचारायला लागला. सगळंच. "आये, पत्रा बदलू का? आये, बबनरावाच्या भावाच्या लग्नाला जाऊ का? आये, ह्या सदऱ्याला निळं बटण चालंल का?" इतकं की एक दिवस ती वैतागली. "अरे, बटणाचं तुझं तू बघ. सदरा काय गाभण हाय?"

ह्याची सुरुवात झाली ती कालवड आणली त्या संध्याकाळीच. त्यानं पोराला कडेवर घेऊन गोठ्याच्या तोंडाशी उभं राहून विचारलं, "आये, हिला आत बांधू का बाहेर?"

"आत. आन् खुंटा मी ठोकते," गोजाबाई म्हणाली. "तू ठोकलेला मला भरवशाचा वाटत न्हाई."